कुंकू लावलेला सूर्य

गोरेगाव, मंगळवार, २५ मार्च १९८६

चि. विद्याधर यास वहिनीचा आशीर्वाद.

अक्षर माझंच आहे, चौथीपर्यंतचं. हसू नकोस. काम आहे म्हणून लिहिते. काम नसतं तर लिहिलं नसतं, हे तुलाही ठाऊक आहे.

मला तुझ्याकडून एक कागद पाहिजे. तुझ्या तिथल्या ऑफिसच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यासकट. तुझे दादा आता ज्या शाळेत वॉचमन आहेत त्या शाळेच्या नावे लिही. गिरणी संपापासून सुटली ती सुटलीच, तीन वर्षं झाली या शाळेत. इंग्रजीतच लिही. इंग्रजी असलं की आमची माणसं गप्प बसून ऐकतात.

काय लिहायचं ते सांगते. तू परदेशी जायच्या आधी एकदा सकाळी आम्हा दोघांना आरेच्या रस्त्यावर घेऊन गेला होतास. म्हणालास, "वहिनी चल, विश्व दाखवतो." मी म्हटलं, "मेल्या, आधी डाळ तर उतरू दे." मग गेलो. तू एक असोला नारळ ठेवलास आणि म्हणालास, हा सूर्य. यांनी गिरणीच्या सुताची पिळून केलेली ती लांब दोरी होती ना, तिचं एक टोक नारळाला लावलंस, दुसऱ्या टोकाला मोहरीचा दाणा ठेवलास. ही पृथ्वी. ही एवढी दोरी म्हणजे एक माप. शास्त्रज्ञ लोक सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचं अंतर हेच माप धरतात आणि बाकीचे ग्रह त्यात मोजतात. पाच दोऱ्या आणि वर थोडं, तिथं लिंबू, तो गुरू. साडेनऊ दोऱ्यांवर सुपारी, तो शनी. नारळापासून मोहरीपर्यंत उजेड यायला आठ मिनिटं लागतात, म्हणजे या रस्त्यावर उजेड मुंगीच्या चालीनं चालतो, असंही सांगितलंस. मी त्या मोहरीकडं बघत बसले. त्यावर आपण सगळे, चाळीसकट.

हे म्हणाले, "मग दुसरो नारळ खय?" दुसरा तारा, म्हणजे.

तू म्हणालास, "सांगा तुम्हीच." हे म्हणाले, बोरिवली. मग म्हणाले, देवगड. तू हसत सुटलास. "दादा, दुसरा नारळ लंडनला. आणि मधे काही नाही. तिथनं मुंगी निघाली तर पोचायला सव्वाचार वर्षं. ते अंतर दोरीनं मोजत बसलं तर आकडा तोंडात मावत नाही, म्हणून उजेड एका वर्षात जितका चालतो ते मोठं माप धरायचं." मी म्हटलं, यात काय नवीन, आमच्या गावाला सड्याचा उघडा कातळ ओलांडायला दोन विड्या लागतात असंच सांगतात, कोस कोण मोजतो? तू म्हणालास, तेच वहिनी, अगदी तेच.

तर या वेळी शाळेतली पोरं यांना विचारत होती, की काका ते शेंडेनक्षत्र आलंय ते किती लांब आहे. त्या धूमकेतूचं पेपरात रोज येत होतं. यांनी ठरवलं, पोरांना तुझं ते नारळाचं दाखवायचं. आधी स्वतः एकदा मांडून बघू म्हणून या महिन्यात दहा तारखेला पहाटे आरेच्या रस्त्यावर गेले. दहालाच का, तर अमावास्या होती, आभाळ काळं, शेंडेनक्षत्रही बघायला मिळेल. नारळ ठेवला, दोरी टाकली, मोहरी, लिंबू, सुपारी. आणि नारळ कोणी उचलून नेऊ नये म्हणून त्याला कुंकू लावलं.

आता बोल.

लोकांना वाटलं, करणी केली. पूर्ण रस्ताभर उतारा टाकलाय असं वाटलं. त्यात आदल्या आठवड्यात तिथं कोणाच्या तरी दोन म्हशी मेल्या होत्या. गडबड झाली. या गडबडीत यांचा पाय घसरला, थोडं लागलं. त्याचं विचारू नकोस. आत पडून आहेत.

शाळेनं सांगितलंय, सध्या येऊ नका, पालक ओरडतात. आणि चाळीच्या कमिटीनं आमचा विषय मीटिंगला घेतलाय. करणी करणारा माणूस चाळीत ठेवायचा की नाही, असा विषय. हे चाळीत राहायला आले तेव्हा त्यातले निम्मे जन्मले नव्हते.

तू एवढंच लिही, की हे शास्त्र आहे आणि हे मी माझ्या भावाला शिकवलं. दोन ओळी. तुला काय जड आहे?

तुझी वहिनी


गोरेगाव, रविवार, १३ एप्रिल

विद्याधर,

पाडवा गेला. गुढी उभारली नाही. उभारली असती तर शेजारी म्हणाले असते, काठीला काय बांधलंय बघा.

तुझं उत्तर नाही. पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागतात ते मला माहीत आहे, तरी लिहिते. मागच्या वेळी मी एक खोटं लिहिलं. यांचा पाय घसरला नव्हता. यांना मारलं. सायकलचा पंप, चपला, हाताला लागेल ते. बरगडीला चीर गेली आहे आणि डावा डोळा अजून उघडत नाही. डॉक्टर म्हणाले उघडेल. कधी ते म्हणाले नाहीत.

हे तुला कळू द्यायचं नव्हतं. आता वाटतं, कळू दे. लांब आहेस म्हणून तुला सगळं स्वच्छ का दिसावं?

ते अंगठ्याचं तुला आठवतं का? हात लांब करून अंगठा धरायचा, आधी एक डोळा मिटायचा मग दुसरा, अंगठा जागचा उडी मारतो. तू म्हणाला होतास की ताऱ्यांचं अंतर असंच काढतात. चैत्रात एकदा बघायचं, पृथ्वी सूर्याच्या पलीकडं गेली की आश्विनात पुन्हा बघायचं, जवळचा तारा थोडा सरकलेला दिसतो. किती सरकला त्यावरून तो किती लांब ते काढायचं. त्या सरकण्यावरून एक आणखी माप आहे, पार्सेक का काय, उजेडाच्या सव्वातीन वर्षांचं. ते माझ्या डोक्यावरून गेलं होतं, पण अंगठा समजला होता.

हे परवा खाटेवर बसून तेच करत होते. हात लांब, अंगठा वर. मी चहा घेऊन आले तर म्हणतात, "रत्ना, अंगठो हलना नाय."

हलेल कसा? एकाच डोळ्यानं बघतात ना. चहासुद्धा कपाच्या बाहेर ओततात.

धाकू म्हणजे आपल्या शेजारचा, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीतला. तू होतास तेव्हा हा लहान होता, तूच त्याला पाढे शिकवलेस. त्या दिवशी तो पहाटे दुधाच्या फेरीला गेला होता. पहिली आरोळी त्यानंच मारली. परवा नळावर मी त्याला धरला. म्हटलं, "अरे, ओळखलं नव्हतंस का रे काशीरामदादाला?"

म्हणतो, "ओळखलं म्हणून तर ओरडलो. वहिनी, तुम्हीच सांगा मी काय खोटं बोललो? नारळ, कुंकू, लिंबू, मोहरी, सुपारी, वर दोरी, आणि अमावास्या. आता बाकी काय ठेवलं होतं दादानी? काळी कोंबडीच तेवढी."

मी म्हटलं, "कोंबडीचा ग्रह नसतो."

"काय?"

"काही नाही. बादली उचल."

नळावरच्या बायका मी आले की हंडे बाजूला ओढतात. तोंडावर कोणी काही म्हणत नाही. तोंडावर म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं, तुला माझं तोंड माहीत आहे.

तुझ्या कागदाची वाट बघत नुसती बसले नाही मी. पवईला गेले. एका प्रोफेसरांचा पत्ता शाळेतल्या माणिकबाईंनी दिला. बाई स्वतः सायन्स शिकवतात, पण लिहून द्यायला घाबरतात. प्रोफेसर चांगले होते, बसायला खुर्ची दिली. सगळं ऐकलं. म्हणाले, "बाई, हे शास्त्र आहे ते खरंच आहे, मापंसुद्धा बरोबर आहेत. पण तुमच्या यजमानांच्या मनात त्या पहाटे काय होतं, ते मी कसं लिहून देऊ? मी त्यांना ओळखत नाही. ज्यानं शिकवलं त्यालाच विचारा."

म्हणून तूच.

आता दुसरं. मी तुला लिहिलेलं यांना माहीत नव्हतं. काल कळलं. मी अर्धं लिहून ठेवलेलं यांनी एका डोळ्यानं वाचलं. म्हणाले, "कोणाक लिवतंस?"

म्हटलं, "वाचलंत ना."

"माका तेचो कागद नको. ज्याच्या नावान मी आंघोळ केलंय, तो माझी साक्ष देतलो?"

ही आंघोळ तुला कोणी सांगितली नसणार. मी सांगते. त्र्याऐंशी साली आई गेल्या, तुला तार केली. तुझी उलटी तार आली, की दुर्बिणीची पाळी लागली आहे, दोन वर्षांनी मिळाली आहे, सोडली तर पुन्हा मिळणार नाही. पाळी म्हणजे काय ते गिरणीतल्या माणसाला शिकवायला नको. पण गिरणीत आई मेली तर पाळीला बदली माणूस घेतात रे. संपात घरात दाणा नव्हता आणि आईचं शेवटचं सगळं यांनी एकट्यानं केलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चाळीच्या नळाखाली बसले आणि सगळ्यांदेखत तुझ्या नावानं आंघोळ केली. मेलेल्याची करतात तशी. मी बादली भरून दिली नाही. ती यांनीच भरली.

तेव्हापासून तुझं नाव घरात नाही. पण बघ, पोरांनी विचारलं किती लांब, तर हा माणूस तुझाच नारळ घेऊन निघाला. चाळीतला टीव्ही होता, पेपर होता, माणिकबाई होत्या. कोणाला विचारलं नाही.

मला रडणं जमत नाही. कागद पाठव. मीटिंग मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे.

वहिनी


मंगळवार, २९ एप्रिल

विद्याधर,

आला नाही. रविवारी मीटिंग. कमिटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश म्हणाले, "वहिनी, माझं मत विचाराल तर माझा विश्वास आहे. पण माझ्या मतावर चाळ चालत नाही." शाळेतही जाऊन आले, तिथंही काही आलेलं नाही.

हे म्हणतात, गावाला जाऊया. गावाला घर कुठं आहे? ते पडून किती पावसाळे झाले.

लिहिलं नसशील तर आता लिहू नकोस. लिहिलं असशील तर बरं.


गोरेगाव, गुरुवार, ८ मे

विद्याधर,

तुझा कागद शनिवारी शाळेत आला आणि शिपायानं तो रविवारी सकाळी चंद्रप्रकाशकडं दिला. पहिली गोष्ट ही, की काम झालं. तेवढं आधी सांगते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

मीटिंग गच्चीवर होती. हे यायला तयार नव्हते. मी म्हटलं, तुम्ही नाही आलात तर मी एकटी उभी राहीन आणि मग काय बोलेन त्याची जबाबदारी माझी नाही. आले. भिंतीला टेकून बसले, डोळ्यावर पट्टी.

चंद्रप्रकाशनी आधी इंग्रजी वाचलं. सगळे माना हलवत होते, कळत कोणालाच नव्हतं. मग मराठीत सांगायला लागले. तुझं लिहिणं चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. सूर्य नारळाएवढा धरला तर पृथ्वी मोहरीएवढी होते आणि ती कितीवर ठेवायची, हे माप सगळ्या जगात चालतं. प्रकाशवर्ष म्हणजे काळ नाही, अंतर आहे. पार्सेक कसं काढतात तेही तू लिहिलंस. या वस्तू मांडण्यात अंधश्रद्धेचा काही संबंध नाही, हा प्रयोग मी स्वतः १९७४ साली त्यांना करून दाखवला होता, असं लिहिलंस.

धाकू उठला. म्हणाला, "सेक्रेटरी, एक विचारू? लिंबू म्हणजे कोण म्हणालात?"

"गुरू."

"बृहस्पती? गुरुवारचा?" कपाळाला हात लावला त्यानं. "मायला. मी त्याला लाथ मारली."

हसले सगळे. मीसुद्धा हसले, खूप दिवसांनी. यांच्याकडं बघितलं तर यांच्या मिशीतही काहीतरी हललं.

मग चंद्रप्रकाशनी पुढचं वाचलं आणि थांबले. कागद जवळ धरला. पुन्हा वाचलं. मी म्हटलं, काय झालं, वाचा की.

"श्री. काशीराम हे मी गोरेगावात राहत असताना माझ्या परिचयाचे एक गृहस्थ होते."

धाकूच बोलला, त्याला गप्प बसणं माहीत नाही. "परिचयाचे? सख्खे भाऊ ना हे? विद्यादादा इथंच तर वाढला, मला पाढे त्यानंच..."

हे म्हणाले, "धाकू, बस खाली. सेक्रेटरी, फुडे वाचा."

पुढं फक्त सही होती.

निकाल आमच्या बाजूनं झाला. चाळीत ठेवायचं. शाळा जूनपासून कामावर घेते म्हणाली. धाकू घरी आला, टोपलीभर कैऱ्या आणल्या, यांच्या पाया पडला. म्हणाला, दादा, माझ्या हातानं झालं. हे म्हणाले, "तुझ्या तोंडान झाला, हातान नाय." नळावर आता बायका मला पुढं जा म्हणतात. मी जात नाही, रांगेतच उभी राहते. त्यांना अवघडू दे थोडं.

सगळं झालं. आणि हा माणूस रविवारपासून दाराबाहेर पडलेला नाही.

मार खाल्ला तेव्हा असा नव्हता. तेव्हा शिव्या देत होता, दोरी कुठं गेली म्हणून विचारत होता, लिंबू जरा मोठंच झालं म्हणत होता. आता बोलत नाही. जेवायला वाढलं की जेवतो. मी तुला शिव्या घालायला सुरुवात केली तर मलाच गप्प केलं. म्हणाले, "तेणां बरोबर लिवल्यान. भाव म्हणान लिवल्यान असतां तर कोण मानतलो होतो? भावाची साक्ष कोण धरता? शिकलेलो माणूस आसा तो. तेका कळता."

असेल. तू तसाच विचार केला असशील. परका लिहितो तेव्हाच खरं मानतात, हे मलाही कळतं.

की दुसरं आहे? माझं दुसरं पत्र तुला मिळालं, आंघोळीचं. ते वाचून लिहिलंस का? की तुम्ही मला मेलेला धरलंत, तर घ्या, तुमचा माझा नुसता परिचय? तारखा मी लावून बघितल्या. दोन्ही होऊ शकतं. मला कळत नाही आणि तुला विचारायची मला लाज वाटत नाही. आंघोळीचं लिहिलं याचं मला वाईटही वाटत नाही. झालं ते झालं होतं.

यांनी आंघोळ केली ती रागानं केली. राग म्हणजे संबंध असतोच रे. परक्याच्या नावानं कोणी आंघोळ करत नाही. तू जे लिहिलंस त्यात राग नाही, काहीच नाही. शिक्का आहे.

मला आठवतं, मी या घरात आले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. हे दुसऱ्या पाळीला जायचे आणि तू दारात बसून राहायचास, दादा आल्याशिवाय जेवणार नाही म्हणून. मी मारलंसुद्धा आहे तुला त्यापायी. भात निवायचा, मला झोप यायची. हे गृहस्थ कोण होते तुझ्या परिचयाचे?

जाऊ दे. कागदाबद्दल तुझे उपकार झाले, ते मी मानते. कोणाचं ठेवून घेणारी मी नाही.

आता एक कर. आणखी एक पत्र लिही. शाळेला नको, कमिटीला नको, छापील कागद नको. त्यात ग्रह नकोत, मापं नकोत. आंघोळीचा राग असला तर राग लिही. यायला जमणार नसलं तर नाही जमणार म्हणून लिही. काही सुचलं नाही तर बाकी कागद कोरा ठेव. पण वर पहिला शब्द 'दादा' लिही. मराठीत.

यांचा डोळा अजून नीट नाही. मी वाचून दाखवीन. तेवढं मला वाचता येतं.

रत्नप्रभा